बाल्कनीतलं वाळवण

नवनगरच्या बायकांचं आणि तिथल्या शटरांचं पहिल्या उन्हाळ्यापासूनच बिनसलं.

तसं पाहिलं तर शटरांचा दोष नव्हता. नवनगर म्हणजे चंद्रपूरच्या अलीकडं खाण कामगारांसाठी वसवलेली वसाहत. इथं पारा सत्तेचाळीसला टेकला तरी आता त्याची बातमी होत नाही. म्हणून घरं बांधतानाच प्रत्येक खिडकीला आणि बाल्कनीच्या प्रत्येक दाराला बाहेरून जाड शटर बसवलं होतं. ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या, त्यांच्या पोटात फोम आणि वरच्या डब्यात मोटार. ऊन खिडकीवर आलं की शटर आपणहून खाली आणि ऊन कललं की आपणहून वर. सगळी शटरं 'छायाजाळ' नावाच्या एका यंत्रणेला जोडलेली होती. सूर्य कुठं आहे, कोणत्या घराचा एसी किती वीज ओढतोय हे बघून कुठलं शटर किती पाडायचं ते हीच यंत्रणा ठरवायची. घरं खरोखर थंड राहायची. भर दुपारी आत मिट्ट काळोख व्हायचा आणि बाहेरचा आवाजही यायचा नाही, पण त्याबद्दल तक्रार कुणी केली नाही. निदान मोठ्यानं तरी नाही.

भांडण लागलं ते कुरडयांवरून.

छायाजाळाला माणूस दिसायचा तो उष्णतेवरून. बाल्कनीच्या कोपऱ्यात हरभऱ्याएवढा एक डोळा बसवला होता. त्याला रंग कळत नव्हते, चेहरे कळत नव्हते, कोणती वस्तू किती तापली आहे एवढंच कळायचं. एरवी हे सोपं असतं. भिंत तिशीला असली तर सदतीस अंशांचं माणसाचं अंग तिच्यापुढं लख्ख उठून दिसतं. पण नवनगरात मे महिन्याच्या दुपारी भिंतच पन्नाशी गाठते. मग माणूस उजळ दिसत नाही, उलट थंड दिसतो, कारण घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून छायाजाळाला सांगून ठेवलं होतं की उन्हाळ्यात थंड ठिपका शोध. ठिपका दिसला की माणूस बाहेर आहे, शटर पाडू नको, भोंगा वाजव. गोष्ट हुशारीची होती. फक्त ती ठरवणाऱ्यांच्या घरी कुणी वाळवण घालत नसावं. ओल्या चिकाच्या कुरडयाही सुकता सुकता थंडच राहतात. बाजेवर पसरलेल्या कुरडया म्हणजे छायाजाळाच्या लेखी हातपाय ताणून झोपलेला माणूस. शटर अर्ध्यावर थांबायचं, घरात उन्हाचा लोट शिरायचा आणि साऱ्या बिल्डिंगीत भोंगे ओरडायचे.

"तुह्या मशिनीले माणूस अन् कुरुडी वेगळी ओळखू येत नाई का वं?" गिरजाबाईंनी सुनेला विचारलं होतं.

सून मयूरी गुरनुले छायाजाळाच्या नियंत्रण खोलीतच नोकरीला होती, त्यामुळं वसाहतीतल्या सगळ्या शिव्या घरपोच तिच्याकडं यायच्या. नवरा हैदराबादला. घरात दोघीच, सासू आणि सून. सासरे गेल्यावर गिरजाबाई गाव सोडून इथं आल्या त्याला दोन वर्षं झाली होती. मयूरी सकाळी जायची ती संध्याकाळी उगवायची.

सासूचा प्रश्न तिनं मनावर घेतला. माणसाचा ठिपका तासन्‌तास सारखाच थंड राहतो, कारण घाम येतच राहतो. वाळवणाचा ठिपका मात्र हळूहळू तापत जातो, कारण त्यातली ओल संपत जाते. हा फरक तिनं शेकडो बाल्कन्या दाखवून दाखवून छायाजाळाच्या डोक्यात भरला. पुढच्या उन्हाळ्यात पडद्यावर 'वाळवण' असा शब्द येऊ लागला, आणि त्यापुढं ते किती टक्के वाळलं तेसुद्धा. वाळवण असलं की भोंगा नाही, शटर खुशाल खाली. बायका खूश झाल्या. "माह्या सुनेनं मशिनीले सैपाक शिकवला," असं गिरजाबाई जिन्यात भेटेल तिला सांगत सुटल्या. वरिष्ठांनी मयूरीच्या पाठीवर थाप मारली. एवढं कौतुक पदरात पडल्यावर त्यात काय चुकलं असेल हे कोण शोधत बसतं?

आता तापबंदीबद्दल सांगायला हवं. एरवी शटर पडलं तरी आत आणि बाहेर एकेक बटण होतं, दाबलं की ते शटर उघडायचं. पण दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात 'जरा दोन मिनिटं' म्हणत घरोघरी लोकांनी शटरं उघडली, ऊन आत आलं, सगळे एसी एकदम जोरात चालू लागले आणि एका लाइनीचा, म्हणजे बिल्डिंगींच्या एका रांगेचा, ट्रान्सफॉर्मर जळाला. वीज रात्री आली. तोवर तीन म्हातारी माणसं आणि एक तान्हं बाळ गेलं होतं. तेव्हापासून पारा ठरावीक रेषेपुढं गेला की अख्ख्या लाइनीच्या मोटारींची वीजच तोडायची, असा नियम झाला. बटणं मुकी. याच बंदीला लोक तापबंदी म्हणायचे. त्या बैठकीत नियमाच्या बाजूनं मयूरीनंही हात वर केला होता, आणि तिला त्याचा कधी पस्तावा झाला नव्हता.

नवतप्याचे, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस होते. त्या दिवशी पारा सकाळपासूनच असा चढला की तापबंदी नेहमीपेक्षा तासभर आधी लागली. घराघरातल्या स्पीकरवर सूचना झाली, पाठोपाठ अ, ब, क तिन्ही लाइनी बंद झाल्या. तासाभरानं मयूरीनं डबा उघडला आणि रोजच्यासारखा घरी फोन लावला. गिरजाबाई दुसऱ्या घंटीला फोन उचलायच्या आणि 'हॅलो' न म्हणता थेट "जेवली का?" असं विचारायच्या.

आज फोन वाजून वाजून बंद झाला. तिनं पुन्हा लावला. पुन्हा तेच.

झोपल्या असतील, असं म्हणत तिनं समोरच्या पडद्यावर आपली बाल्कनी उघडली. अ लाइन, दुसरी बिल्डिंग, दुसरा मजला. करड्या-पांढऱ्या चित्रात तापलेल्या फरशीवर एक गडद ठिपका होता. खाली लिहिलं होतं, वाळवण, पन्नास टक्के. मयूरीला हायसं वाटलं. सकाळपासून वाळवण घालून दमल्या आणि आडव्या झाल्या, दुसरं काय. तिनं पोळीचा तुकडा मोडला, तोंडात घातला.

आणि तो तोंडातच राहिला.

गेल्या रविवारी तिनंच स्टुलावर चढून कुरडयांचे, पापडांचे, मुगवड्यांचे डबे माळ्यावर ठेवले होते. खालून गिरजाबाई डबे वर देत होत्या. शेवटचा डबा देऊन त्यांनी हात झटकले होते आणि म्हणाल्या होत्या, "आटोपलं बाप्पा यंदाचं."

मग बाल्कनीत हे काय वाळत होतं?

तिनं शेजारच्या ज्योत्स्नाला फोन लावला. ज्योत्स्ना भोयर समोरच्याच दारात राहायची, आणि वसाहतीतल्या दारांची कुलुपं अडीअडचणीला नियंत्रण खोलीतून उघडता यायची. "माझ्या घराचं कुलूप मी इथून उघडते, तू आत जाऊन आई कुठं आहेत बघ. लवकर."

फोनवर दार ढकलल्याचा आवाज आला, मग ज्योत्स्नाचा धापा टाकणारा आवाज. "काकू नाही घरात. झोपायच्या खोलीत नाही, बाथरूममध्ये नाही. चपला तं दारातच आहे. मोबाईल ओट्यावर पडून आहे."

"बाल्कनीच्या शटरवर ठोक. जोरात."

धडधड धडधड आवाज झाला. मग शांतता. ज्योत्स्नानं शटरला कान लावला असावा. "काहीच ऐकू येऊन नाही राहिलं, ताई. बाहेर हवा केवढी आहे." त्या फोमनं आजवर साऱ्या वसाहतीचा गोंगाट बाहेर ठेवला होता. आत्ता एका म्हातारीचा आवाजही त्यानं तसाच इमानेइतबारे बाहेर ठेवला. आणि तिनं बाहेरून शटरवर हात आपटले असतील तर तेही छायाजाळानं लू, म्हणजे दुपारचा झळांचा वारा, म्हणून सोडून दिले असणार. लू तर रोजच शटरं वाजवते.

मयूरीनं पुन्हा पडद्याकडं पाहिलं. वाळवण, साठ टक्के.

गिरजाबाईंनी बहुधा ओलं पातळ अंगावर घेतलं असेल. तोवर ठिपका थंड होता. मग पातळ सुकत गेलं, ठिपका तापत गेला, आणि छायाजाळानं शिकवल्याबरहुकूम ओळखलं की हे वाळवण आहे. पण पातळ एवढ्या उन्हात कधीच कोरडं झालं असेल. आता जे तापत होतं ते पातळ नव्हतं. उष्माघातात माणसाचा घाम थांबतो. घाम थांबला की अंग भोवतालच्या भिंतीसारखंच तापू लागतं. आकडा शंभरावर पोचेल तेव्हा ठिपका भिंतीत मिसळून जाईल आणि छायाजाळ लिहील की वाळवण पूर्ण झालं.

"साहेब, अ लाइन सोडावी लागेल. माझी सासू बाल्कनीत अडकली आहे."

देवतळे साहेब पलीकडच्या टेबलावर विजेचा भार बघत बसले होते. निवृत्तीला आलेला, चांगला माणूस. ज्या दिवशी ती चार माणसं गेली त्या दिवशीही याच खुर्चीत तेच होते. त्यांनी पडदा पाहिला, मयूरीचा चेहरा पाहिला. "एकच शटर नाही का उघडता येत?"

"मोटारींची वीज लाइनीची एकच आहे. अन् वीज आली की प्रत्येक शटर आधी पार वर जातं, आपली जागा तपासतं, मगच खाली येतं. तुम्हाला ठाऊक आहे."

त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी भाराच्या काट्याकडं बोट केलं. काटा लाल रेषेला चिकटूनच उभा होता. "दोनशे घरं एकदम उघडतील. दोनशे मोटारी एकदम सुरू होतील. वरून एसी धावतील. ट्रान्सफॉर्मर बसला तर? चौथ्या बिल्डिंगीत कामडी मास्तर ऑक्सिजनच्या मशिनीवर आहेत. त्यांची बॅटरी किती वेळ पुरते माहीत आहे ना तुले?"

"माहीत आहे."

"शटर कापायले माणसं पाठवतो."

"ती येईपर्यंत आई राहणार नाहीत, साहेब."

ते नाही म्हणाले नाहीत, पण बंद लाइन सुरू करायची किल्लीही पुढं केली नाही. दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस त्यांच्या हातावर बसून होता. मयूरीला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी त्यांचं म्हणणं पटतही होतं. पडद्यावर सत्तर झाले होते.

काटा खाली आला तरच लाइन उघडता येणार होती. आणि काटा खाली आणणं ना तिच्या हातात होतं, ना साहेबांच्या. ते दोनशे घरांच्या हातात होतं. तिनं सूचना द्यायचा माइक ओढला. एरवी त्यावर ठरलेली वाक्यं वाचायची असत.

"अ लाइनीच्या सगळ्या घरांना सांगते. मी मयूरी गुरनुले बोलतेय, दुसऱ्या बिल्डिंगीतली. माझी सासू, गिरजाबाई, बाहेर बाल्कनीत अडकली आहे, या उन्हात. तिला आत घ्यायला सगळी शटरं उघडावी लागतील. घरातला एसी, कूलर, फ्रिज, पंखा, जे असेल ते आत्ताच्या आत्ता बंद करा. उघडल्यावर ऊन येईल, थोडं सोसा. कामडी मास्तरांची मशीन तेवढी चालू राहू द्या. हात जोडते."

मग ती काट्याकडं बघत राहिली. काटा जागचा हलला नाही. लोक जेवून झोपलेले असतील. ऐकलं असेल तर उठायचा कंटाळा करत असतील. शेजारचा करेल, आपण कशाला, असंही म्हणत असतील. माणसाची जात तिला काय नवीन होती?

काटा थरथरला. किंचित खाली आला. मग आणखी. मग जिन्यावरून कुणी भरभर उतरावं तसा एकेक पायरी खाली येऊ लागला. देवतळे साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. "कामडींच्या घरचा पंखासुद्धा बंद झाला," ते पुटपुटले. त्यांनी गळ्यातली किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.

मयूरीनं किल्ली फिरवली.

सगळ्या लाइनीची शटरं खडखडत वर निघाली. फोनवर ज्योत्स्नाचं ओरडणं ऐकू आलं, "उघडून राहिलं, ताई! थांबा, वाकून जाते... अगं बाई गं! काकू! काकू!" मग फरफटत आणल्याचा आवाज, बादली, पाणी, जिन्यातून धावत आलेल्या बायकांचा गलका. काटा उसळला, लाल रेषेला टेकला, तिथंच थरथरला आणि थांबला. ट्रान्सफॉर्मर टिकला. शटरं पुन्हा खाली येऊ लागली.

"ज्योत्स्ना, श्वास आहे का?"

"आहे, ताई. अंग तव्यासारखं तापलं आहे. ओल्या चादरीत गुंडाळून पंख्याखाली ठेवलं. ॲम्ब्युलन्सले फोन केला, निघाली म्हणते."

मयूरी टेबलावर डोकं टेकून रडली. साहेबांनी तिच्याजवळ पाण्याचा पेला ठेवला.

थोड्या वेळानं फोनवर ज्योत्स्ना म्हणाली, "डोळे उघडले त्यांनी. तुमच्याशीच बोलतो म्हणते. ऐकूनच नाही राहिल्या."

गिरजाबाईंचा आवाज कोरड्या पाचोळ्यासारखा होता. "मयूरी..."

"आई, बोलू नका. आता बरं वाटेल. मी येतेच." आणि तरी तिच्याच्यानं राहवलं नाही. "बाहेर कशाला गेला होता तुम्ही? वाळवण तर संपलं होतं ना?"

"रोज जातो मी."

"काय?"

"रोज बसतो. पातळ ओलं करतो, डोक्यावरून घेतो, बसतो. मंग बटन दाबतो अन् येतो आत. आज बटनच चाललं नाई." मध्ये दम लागला. "दुपारी ते पडलं का अंधार होते, बाई. आवाज नाई, काई नाई. असं वाटते का मी मरून गेली, अन् सांगाले कोणी आलं नाई."

मयूरीला कळलं, हेच त्या रोज सांगत होत्या, "जेवली का?" असं विचारून. तिनं आजवर फक्त उत्तर दिलं होतं, जेवले.

"तिले घेतलं का आत?" गिरजाबाईंनी विचारलं.

"कोणाला, आई?"

"समोरची. ते समोरच्या बिल्डिंगीत, खाली दुकान आहे ना, त्याच्या वर बसते. माह्यासारखीच म्हातारी. मी हात करतो, ते हात करते. आज बी होती. मी निजली तेव्हा बसूनच होती ते."

समोरची बिल्डिंग ब लाइनीवर होती. ब लाइन अजून बंद होती.

"नाव काय तिचं? कितवा मजला?"

"नाव मले काय ठाऊक. लाल काठाचं पातळ असते तिच्या डोक्यावर."

मयूरीची बोटं आधीच पडद्यावर होती. तिनं ब लाइन उघडली आणि फक्त 'वाळवण' दाखव म्हणून सांगितलं. एका बिल्डिंगीत ठिपका असेल असं तिला वाटलं होतं. ठिपके प्रत्येक बिल्डिंगीत होते. कुठं एक, कुठं तीन. गिरजाबाई म्हणत होत्या त्या बिल्डिंगीत चार, एकाखाली एक. मे महिना संपत आला होता. आता कुणाच्या घरी एवढं वाळवण असतं? आणि लाल काठ या डोळ्याला दिसत नव्हता. त्याला सगळ्या म्हाताऱ्या सारख्याच करड्या दिसत होत्या. चारापैकी एकाखाली शहाण्णव टक्के लिहिलं होतं.

देवतळे साहेब तिच्या खांद्यावरून बघत होते. त्यांनी माइक तिच्यापुढं सरकवला, त्याची कळ तिन्ही लाइनींवर फिरवली आणि स्वतः किल्लीपाशी जाऊन उभे राहिले.

"सगळ्या घरांना सांगते," मयूरी म्हणाली. "एसी, कूलर, पंखे बंद करा. आपल्या घरातलं म्हातारं माणूस कुठं आहे ते आधी बघा. दिसत नसेल तर बाल्कनीच्या दाराशी जाऊन उभे राहा. शटर उघडतंय."

यावेळी काटा वाट न बघता उतरला. साहेबांनी किल्ली फिरवली. शटरं वर गेली, आणि पडद्यावरचे ठिपके हलू लागले. कोणी उठत होतं, कोणाला कोणी धरून नेत होतं. एकेक ठिपका दारापर्यंत जायचा आणि पुसला जायचा, खालचा 'वाळवण' शब्दही त्याच्याबरोबर जायचा. समोरच्या बिल्डिंगीतला पहिला ठिपका गेला. दुसरा गेला. खालचाही गेला. तिसऱ्या मजल्यावरचा, शहाण्णव टक्क्यांचा, तेवढा राहिला. त्या घरात दाराशी कुणी आलं नाही, आणि ठिपका भिंतीपासून वेगळा काढायलाही आता डोळे ताणावे लागत होते.

"गेली का वं ते आत?" गिरजाबाईंनी विचारलं.

"हो आई, गेली," मयूरी म्हणाली. "तुम्ही आता डोळे मिटा. फोन जरा ज्योत्स्नाला द्या."

ज्योत्स्नाचा आवाज येईपर्यंत तिनं तिसऱ्या मजल्यावरच्या घराचं कुलूप इथून उघडलं होतं.

"ज्योत्स्ना, आईजवळून बाजूला ये. त्यांना कळू देऊ नको. दुसऱ्या कुणाला तरी त्यांच्यापाशी बसव, पाण्याची बादली घे आणि समोरच्या बिल्डिंगीत पळ. तिसरा मजला. दार उघडंच आहे."